चांगल्या तेवढ्या ठेवल्या
छोट्या वर्तमानपत्रांचे मालक-संपादक आणि पोलीस दप्तरांचे प्रमुख यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका छोट्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. मुलगा अदबीने बोलत होता. "सर, जुनी कपाटं रिकामी करतोय. निगेटिव्हचं स्कॅनिंग उरकलं. पाकिटं तुम्हाला हवी आहेत का? नसतील तर टाकून देतो." मी विचारलं, सगळ्या स्कॅन केल्या? "सगळ्या कशाला? चांगल्या तेवढ्या केल्या." चांगल्या म्हणजे कुठल्या, तर छापून आलेल्या.

पुढच्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातला एक जुना ओळखीचा माणूस भेटला. बोलता बोलता म्हणाला की त्यांचंही दप्तर नव्या इमारतीत हलतंय आणि निकाल लागलेल्या जुन्या प्रकरणांची फोटोची पाकिटं 'निर्लेखित' होणार आहेत. काय पण शब्द आहे! ऐकताना वाटावं, काहीतरी लिहायचं राहून गेलंय. प्रत्यक्षात लिहिलेलंच घालवायचं असतं.

दोन्ही ठिकाणी एकाच वेळी झाडू फिरायला लागला म्हणून दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. तुम्ही एकमेकांना वेगळी खाती समजत असाल. माझ्या लेखी ती कधीच वेगळी नव्हती, कारण दोन्हीकडचा कॅमेरा एकच होता आणि तो माझ्या गळ्यात होता.

छोट्या गावात दोन फोटोग्राफर पोसले जात नाहीत. वर्तमानपत्राकडे कॅमेरा असायचा, डार्करूम असायची आणि रात्री-अपरात्री उठून येणारा एक माणूस असायचा. पोलिसांकडे यातलं काहीच नसायचं. त्यामुळे अपघात झाला, घरफोडी झाली, विहिरीत कुणी सापडलं, की फोन माझ्याकडे यायचा. दिवसा मी वर्तमानपत्राचा, रात्री पोलिसांचा. जाकिटाच्या डाव्या खिशात वर्तमानपत्राचे रोल ठेवायचे, उजव्या खिशात पोलिसांचे, असा नियम मी पहिल्याच वर्षी करून टाकला. पण खिसे दोन असले तरी कॅमेऱ्यात एका वेळी एकच रोल असतो. चौदा फोटो झालेला रोल अर्धवट काढून नवा घालायचा, तर बावीस फोटो वाया. ते कुणालाच परवडायचं नाही. मग व्हायचं असं, की संध्याकाळी शाळेच्या बक्षीस समारंभात चौदा फोटो काढलेले असायचे आणि पंधराव्या फ्रेमला ओल्या रस्त्यावरच्या टायरच्या खुणा यायच्या.

रोल धुऊन वाळला की त्याच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या करायच्या. असा मिश्र रोल असला की कात्री वेगळ्या जागी लावावी लागे. चौदा आणि पंधराच्या मध्ये जी दीड-दोन मिलिमीटरची कोरी फट असते, तिच्यातून कापायचं. एका बाजूला कप उंच धरलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला खडूने आखलेला रस्ता. दोन फ्रेमची आखूड पट्टी वर्तमानपत्राच्या पाकिटात गेली, चार फ्रेमची पोलिसांच्या. आज ती दोन पाकिटं दोन इमारतींत आहेत आणि दोन्हींवर एकदमच गदा आली आहे. तुमच्या मुलाला ती दोन फ्रेमची पट्टी बघून 'कुणीतरी चुकीची कापलीय' असं वाटलं असेल. चुकीची नाही हो. तिचा उरलेला भाग पोलिसांकडे आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. स्कॅन करण्याला माझा विरोध नाही. करा, जरूर करा. पण स्कॅनमध्ये एकेक फोटो वेगळा होतो. निगेटिव्हच्या पट्टीत तो शेजाऱ्यांसकट असतो, आणि फोटोला काय म्हणायचं आहे ते पुष्कळदा शेजारच्या फ्रेमला ठाऊक असतं.

एक प्रकरण सांगतो. ट्रक आणि सायकल. रात्रीची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला. मी पोचलो तेव्हा सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती. मी लांबून, मग मधल्या अंतरावरून, मग जवळून असे फोटो घेत गेलो. घटनास्थळाचे फोटो याच क्रमाने घ्यायचे असतात: आधी सगळी जागा, मग वस्तूंचं एकमेकींपासूनचं अंतर, मग एकेक वस्तू, तीही आधी जशी पडली आहे तशी आणि नंतर शेजारी मोजपट्टी ठेवून. चारपाच फोटो झाले असतील, तेवढ्यात वाहतूक मोकळी करायला म्हणून कुणीतरी सायकल उचलली आणि झाडाला टेकवून ठेवली. त्याचाही फोटो माझ्या रोलमध्ये आला.

वर्षभराने कोर्टात ट्रकवाल्याच्या वकिलांनी दोन प्रिंट शेजारी शेजारी धरल्या. एकीत सायकल रस्त्यात, दुसरीत झाडापाशी. "मूळची जागा कुठली? झाडापाशी असलेली सायकल फोटोसाठी रस्त्यात आणून ठेवली नाही कशावरून?" प्रश्न बिनतोड होता. प्रिंट एकटी असते. तिला आधी-नंतर कळत नाही. मी निगेटिव्ह मागवली. फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच आकडे टाकलेले असतात. रोल धुतला की ते आपोआप उमटतात: २१, २१ए, २२, २२ए. रस्त्यातली सायकल एकविसाच्या आसपास होती, झाडाची सव्विसावर. कॅमेऱ्यातली फिल्म पुढे पुढेच जाते. न्यायाधीशांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यांजवळ नेऊन आकडे वाचले आणि विषय संपला.

संपला म्हणजे जवळजवळ. वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "हा रोल अकरा नंबरपासून सुरू होतो. पहिले दहा फोटो कुठे लपवले?" कोर्टात हशा पिकला, मला मात्र घाम फुटला. तेव्हा आम्ही शंभर फुटांचा डबा आणून अंधारात हाताने रोल भरायचो. एका डब्यात छत्तीस फोटोंचे अठरा रोल निघत आणि तयार रोलपेक्षा बरेच स्वस्त पडत. पण अशा रोलचे कडेचे आकडे एकपासून सुरू होत नाहीत. डब्यातला तो तुकडा जिथून कापला असेल तिथून सुरू होतात. हे मी कोर्टाला समजावून सांगितलं. त्यांना पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न आला नाही.

आता तुमचं स्कॅनिंग बघा. पट्टी स्कॅनरच्या चौकटीत बसवली की नेमकी आकड्यांची कडा झाकली जाते. बाहेर येतं ते स्वच्छ, चौकोनी, नाव-गाव नसलेलं चित्र. रस्त्यातली सायकल एका फाइलमध्ये, झाडाची दुसऱ्या. त्यांचा क्रम आता संगणकाने दिलेल्या नंबरावर, म्हणजे त्या दिवशी स्कॅन करणाऱ्याने कुठली पट्टी आधी उचलली यावर.

आणि 'चांगल्या तेवढ्या' म्हणजे काय, हेही एकदा बोलून टाकू. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला ६५ ते ८५ रेघांच्या जाळीतून फोटो छापला जाई. निगेटिव्हवर जे उमटलेलं असतं, त्यातलं थोडंच त्या ठिपक्यांतून वाचकापर्यंत पोचायचं. मागच्या पाट्या, गर्दीतले चेहरे, गाडीचा नंबर, घड्याळात किती वाजलेत, हे सगळं निगेटिव्हमध्ये शाबूत असतं. त्यातून संपादकाने निवडलेली फ्रेम म्हणजे त्या रात्री पान लावायच्या घाईत तीन कॉलमात बसली ती फ्रेम. पान सुटायला वीस मिनिटं असताना आम्ही ओलीच निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालून प्रिंट काढल्या आहेत. त्या घाईतली निवड पुढच्या पन्नास वर्षांसाठी कायम करू नका.

खराब फ्रेमचं एक उदाहरण देतो. तुमच्या कपाटात एका पट्टीवर एक विचित्र फोटो सापडेल. काळोखा लांबलचक रस्ता, जागोजागी उजेडाचे डाग, आणि मध्येच नुसताच एक पाय. भुताचा वाटावा असा. तो माझा पाय आहे. रात्रीच्या लांब ब्रेकच्या खुणा एका फ्लॅशमध्ये मावत नाहीत. ओला डांबरी रस्ता उजेड गिळून टाकतो. मग कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, शटर 'बी'वर, म्हणजे आपण बंद करेपर्यंत उघडंच राहील असं ठेवायचं आणि फ्लॅश हातात घेऊन खुणेच्या कडेने चालत जायचं. दहा पावलं, फ्लॅश. दहा पावलं, फ्लॅश. दर वेळी फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत त्याचा तो बारीक, चढत जाणारा सूर ऐकत उभं राहायचं. तेवढा वेळ एक पोलीस लेन्ससमोर टोपी धरून उभा असे, समोरून गाडी आली तर तिचे दिवे आत शिरू नयेत म्हणून. त्या रात्री मी एका ठिकाणी फ्लॅशच्या पुढे पाय टाकला. फोटो म्हणून तो हास्यास्पद आहे. पण खुणेची सुरुवात, शेवट आणि शेजारची टेप तिन्ही त्यात स्पष्ट दिसतात. शहाण्या माणसाने हाच फोटो आधी टाकला असता.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा आपल्या पायाचं कौतुक करतोय. करतोय खरा. पण असली कौतुकं जगात इतरांनीही केली आहेत. सिडनीच्या जस्टिस अँड पोलीस म्युझियमने न्यू साउथ वेल्स पोलिसांच्या १९१० ते १९६४ या काळातल्या सुमारे १,३०,००० निगेटिव्ह सांभाळल्या आहेत. त्यातल्या कित्येक काचांवर पोलीस फोटोग्राफरने माणसाचं नाव आणि तारीख हाताने लिहून ठेवली आहे. कागदपत्रं इकडे तिकडे झाली तरी काचेवरचं अक्षर जागच्या जागी राहिलं. वर्तमानपत्रांसाठी याहून जवळचं उदाहरण म्हणजे 'पिट्सबर्ग कुरियर'चे चार्ल्स 'टीनी' हॅरिस. त्यांच्या जवळजवळ ८०,००० निगेटिव्ह कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टने २००१ मध्ये घेतल्या. फोटोंतली असंख्य माणसं निनावी होती. संग्रहालयाने शहरातल्या वयस्कर मंडळींना बोलावून हे कोण, ते कोण असं विचारायला सुरुवात केली. आपल्यालाही एवढंच करायचं आहे. पण कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकत्र असलेला कागद, मांडून बसायला त्या फोटोंतली माणसं जिवंत हवीत, म्हणजे फार उशीर नको.

हे झालं वर्तमानपत्राच्या पाकिटांचं. पोलिसांच्या पाकिटांबाबत माझं मत बरोबर उलट आहे: जपा, पण उघडू नका. विजी नावाचा न्यूयॉर्कचा फोटोग्राफर १९३८ पासून गाडीत पोलिसांचा रेडिओ घेऊन फिरायचा, डिकीत टाइपरायटर आणि फ्लॅशबल्ब बाळगायचा आणि खुनाच्या जागी कधी कधी पोलिसांच्याही आधी पोचायचा. त्याच्या फोटोंची आता प्रदर्शनं भरतात. तरुणपणी मलाही त्याचं फार अप्रूप होतं. पण तो महानगरात होता. रस्त्यावर पडलेला माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. मी ज्या गावात फोटो काढले तिथे दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा भाऊ मला रस्त्यात भेटायचा.

म्हणून उजव्या खिशातलं डाव्या खिशात कधी जाऊ दिलं नाही. एकदा सोडून.

एक मुलगा बुडाला होता. संपादक म्हणाले, पहिल्या पानाला काहीच नाही. मी प्रिंट काढून दिली. त्यांनी मागितली म्हणून दिली असं म्हणता येईल, पण ट्रेमधून ती चिमट्याने उचलली ती मी. चेहरा ओळखू येत होता. तिसऱ्या दिवशी वडील कचेरीत आले. आरडाओरडा काही नाही. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तो फोटो परत कधी छापणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. "कशावरून?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आत गेलो, पट्टी काढली, नववी फ्रेम दोन्हीकडून कापली आणि पाकिटात घालून त्यांच्या हातात दिली. वहीत लिहिलं: 'नऊ नंबर दिली.' त्या रोलमध्ये आजही आठनंतर एकदम दहा येतो.

बावीस वर्षांत मी हाताने नाहीशी केलेली ती एकच फ्रेम. त्याचा पस्तावा नाही, आणि वरच्या सगळ्या सांगण्याशी ते विसंगत आहे हेही मला कळतं. पण कुणाच्या तरी हाती देणं वेगळं आणि गोणीत भरणं वेगळं. उद्या असं कुटुंब तुमच्या दाराशी आलं तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त ठरवायला त्या वेळी पाकीट जागेवर हवं.

जपायचं कसं, तेही थोडक्यात सांगतो, कारण नुसतं 'जपा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कपाट उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती पाकिटं लगेच इतरांपासून वेगळी करा. फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला की आम्ल सुटतं आणि ते शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. स्कॅनिंगला पहिला नंबर याच पाकिटांचा. छापून आलेल्यांचा नंतर. १९५० च्या आधीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असू शकतात. त्या पिवळट-तपकिरी आणि चिकट होतात आणि भुरकन पेट घेतात. त्यांना हात न लावता जाणकाराला बोलवा. पीव्हीसीची चकचकीत पाकिटं नकोत, साधा आम्लरहित कागद बरा. लिहायचं ते पेन्सिलीने, आणि पट्टी आत घालण्याआधी. कपाट पत्र्याखालच्या माळ्यावर नको, तळघरातल्या ओलीतही नको. ज्या निगेटिव्ह पिवळ्या पडल्या आहेत त्या बहुधा आमच्याच आळसाच्या आहेत: हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नीट धुतलं गेलं नाही. त्याबद्दल माफी असावी. वेळ नसायचा.

आणि पट्ट्या पुन्हा कापू नका. स्कॅनरच्या चौकटीत बसत नाही म्हणून एकेक फ्रेम सुटी केलेली मी पाहिली आहे. ते कुणी केलं हे मी विचारलं नाही, बरंच झालं.

माझ्या चौदा वह्या आहेत. रोल नंबर, तारीख, कुठे, कुणासाठी, कुठे कापला, असं सगळं त्यांत आहे. नामुष्कीसुद्धा आहे. एका मोठ्या अपघाताच्या रात्री मी छत्तीसच्या पुढे फोटो काढत गेलो, सदतीस, अडतीस, तरी कॅमेरा अडेना, तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. रोल जागच्या जागी आणि मी दोन तास पावसात कोरी हवा टिपतोय. तपास अधिकाऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर ते प्रकरण उभं राहिलं. वहीत त्या तारखेसमोर लिहिलंय: 'रोल चढला नाही. चूक माझी.' त्या दिवसापासून प्रत्येक फोटोनंतर डावीकडचं रिवाइंडचं बटण फिरतंय ना, हे बघायची जी सवय लागली, ती आता मोबाइलवर फोटो काढतानाही जात नाही. डोळा आपोआप डावीकडे वर जातो.

त्या वह्या मी दोघांपैकी जो आधी 'टाकत नाही' असं लेखी कळवेल त्याला देईन. दुसऱ्याला त्यांची नक्कल मिळेल. त्यांच्या आधाराने कुठली आखूड पट्टी कुठल्या पट्टीची हे जुळवता येईल. उजेडाचं टेबल माझ्याकडे आहे, भिंग आहे, आणि दुपारी मला काही काम नसतं.

आपला,
दोन्ही खिशांचा एक निवृत्त फोटोग्राफर

ता. क. वर्तमानपत्राच्या डार्करूममधल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, मागे, दोन-तीन रोल पडलेले असतील. एकावर चिकटपट्टी लावून मी 'धुवायचा आहे' असं लिहिलेलं असेल. त्यात काय आहे ते मला आठवत नाही, आणि नेमकी तेव्हाची वही पावसात भिजली. कुणीतरी उत्साहाने आत काय आहे बघायला फिल्म बाहेर ओढेल, तेवढं होऊ देऊ नका. उजेडात एक क्षण पुरतो. डबीसकट मला आणून द्या. फोटोवर धुकं आलं असेल, दाणे आले असतील, पण काहीतरी उमटेल. पाणी २० अंशाला आणणं मला अजून जमतं.